जातानाचं यान, येतानाचं यान

आमच्या कंडक्टरांनी उभ्या आयुष्यात एकही तिकीट मुकाट्याने फाडलं नाही. "कुठं जाता?" हे सगळेच कंडक्टर विचारतात. हे विचारत, "कुठं जाता, अन् यान कुठवर आलं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की तिकीट मिळे. दुसऱ्याचं चुकलं तरी तिकीट मिळे, पण सोबत अशी काही मान हलवत की आपण विनातिकीट चढलो आहोत, असं माणसाला वाटावं.

महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. मी यवतमाळला मामांकडे राहत होतो आणि राळेगावच्या शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो होतो. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. दोन्ही गाड्यांवर कंडक्टर हेच. काटकुळे, खाकी सदऱ्याचं वरचं बटण कायम तुटलेलं, आणि आवाज असा की इंजिनाने खुशाल खोकावं, यांचा शब्द मागच्या बाकापर्यंत पोचणार. त्या वेळी पुण्यामुंबईकडच्या एका मासिकात 'नऊ ग्रहांचा फेरा' नावाची विज्ञानकथा दरमहा येत असे. वर्षानुवर्षं चालली होती. एक यान, त्यात शे-दीडशे माणसं, आणि एकेक ग्रह करत त्यांचा चाललेला प्रवास. यवतमाळच्या स्टँडवर मासिकाचा अंक आला की कंडक्टर तो सगळ्यांत आधी विकत घेत, आणि मग महिनाभर ती गोष्ट गाडीत चाले. यानाच्या कप्तानावरून लोक त्यांनाच कप्तान म्हणू लागले. खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही.

सांगताना ते बसत नसत. एक पाय दोन बाकांच्या मधे रोवून, घंटीच्या दोरीला एक हात लावून उभे राहत. ऐन रंगात थांबा आला की दोरी ओढत, माणूस उतरवत, डबल बेल देत आणि तुटलेल्या वाक्याच्या पुढच्याच शब्दापासून पुन्हा सुरू होत. गाडीला उशीर झाल्याबद्दल कुणी कुरकुरलं तर म्हणत, "गाडी लेट हाये भाऊ, यान टायमावर हाये."

आता यात एक गंमत होती, आणि ती फक्त मला माहीत होती, कारण जाता-येता दोन्ही वेळा ऐकणारा मी एकटाच. कप्तान सकाळी एक गोष्ट सांगत आणि संध्याकाळी दुसरी.

सकाळी वाटेतल्या तांड्यावरून नायकबाबा चढत. बंजाऱ्यांच्या त्या तांड्याचे ते म्होरके. पांढऱ्या मिशा, लाल फेटा, हातात काठी. राळेगावात काम उरकून परत मात्र मुलाच्या बैलगाडीने जात. त्यामुळे त्यांनी ऐकलेली ती फक्त जातानाची गोष्ट. संध्याकाळी राळेगावहून सत्तारभाई मेकॅनिक बसत, सुटे भाग आणायला यवतमाळला निघालेले; परत येत ते रात्री एखाद्या ट्रकने. त्यांची ती येतानाची गोष्ट. यानावर बापूराव नावाचा एक आचारी होता. चंद्रावर झालेल्या अपघातात त्याच्या डाव्या हातावर लोखंडी दार पडलं. सकाळी नायकबाबा कळवळून म्हणाले, "अरे बाप्पा, एवढ्या मान्सांच्या भाकरी कोन थापन आता?" झालं. जातानाच्या गोष्टीत हात वाचला. संध्याकाळी सत्तारभाईंनी डोळे विस्फारून विचारलं, "कटा क्या पूरा?" त्यांच्या उत्साहावर पाणी कसं टाकायचं? येतानाच्या गोष्टीत हात खांद्यापासून गेला.

मी शाळेच्या वाचनालयात छापील गोष्ट वाचत असे, म्हणून एकदा कप्तानांना गाठून जाब विचारला. ते म्हणाले, "मास्तर, छापलेलं तुमच्याजवळ ठेवा. माह्या गाडीत मान्सं बसून राह्यलेत."

एका बाजाराच्या दिवशी व्हायचं ते झालं. सत्तारभाई रात्री यवतमाळलाच राहिले आणि सकाळच्या गाडीने परत निघाले. तांड्यावर नायकबाबा चढले आणि नेमके त्यांच्याच शेजारी टेकले. गाडीत कोंबड्यांपासून पोत्यांपर्यंत सगळं भरलेलं. कप्तानांनी रंगात येऊन सांगितलं की, गुरूच्या उपग्रहावर उतरताच बापूरावाने दोन्ही हातांनी कणीक तिंबली.

"दोन्ही?" सत्तारभाई उठूनच उभे राहिले. "अबे, हाथ तो चांदपेच कटा ना उसका!"

"कायले कापता त्याचा हात?" नायकबाबांनी काठी आपटली. "मी सोता ऐकलं. वाचला हात!"

"बाबा, गियरचा दात तुटला त वापस उगते का कधी?"

"तो मानूस हाये, तुह्या गॅरेजातली गाडी नाई!"

बघता बघता गाडीचे दोन तट पडले. एका बाईने कोंबडी कुशीत आवळून हाताच्या बाजूने मत दिलं. ड्रायव्हरने वळून पाहिलं आणि पुढची बैलगाडी थोडक्यात वाचली. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मास्तरले विचारा, मास्तर छापलेलं वाचते!" मी खूश होऊन उभा राहिलो. सांगितलं की छापील गोष्टीत हात चंद्रावर तुटला आहे आणि गुरूपाशी दोन्ही हातांनी कणीकही मळली आहे. म्हणजे खुद्द लेखकच विसरला! मला वाटलं, आता दोन्ही तट माझे पाय धरतील. दोन्ही तट माझ्याकडे असे पाहू लागले, जसा काही तो हात मीच तोडला होता.

कप्तानांनी शांतपणे कानावरची पेन्सिल काढली, परत लावली आणि म्हणाले, "तुटला होता. यानातल्या प्रोफेसरनं नवीन बसवून देल्ला. तुमी सारे उतरल्यावर झालं ते."

दोन्ही तट खाली बसले. त्यानंतर गोष्टीत कुठेही भोक पडलं की कप्तान हेच सांगत, आणि त्यावर कुणालाही अपील नसे. कारण प्रत्येक जण कुठे ना कुठे उतरलेलाच होता.

माझ्या मास्तरकीवर त्यांचा बारीक डोळा होता. एकदा म्हणाले, "शनीची कडी कशी असते, तुमी सांगा आज." मी सगळे आकडे सांगितले, अंतरं सांगितली. दुसऱ्या मैलाला निम्मी गाडी घोरू लागली. मग ते सरसावले. "जिनात कापसातली सरकी निघते तवा धूळ उडते ना? तशी धूळ. पन इतकी, का यानातून उतरलेली पोरं शिंकून शिंकून बेजार." मी कुजबुजलो, "अहो, तिथे शिंकायला हवा कुठे आहे?" ते तसेच कुजबुजले, "मास्तर, त्या म्हातारीले पाहा. जागी झाली." दुसऱ्या दिवशी मी वर्गात आकड्यांच्या आधी धूळ उडवली. तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली पुढची सगळी वर्षं पोरं जागी राहिली, ती त्या धुळीवर.

आणि मग दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. मासिक बंद पडलं, आणि कप्तानांची उमरखेडकडे बदली झाली. शेवटच्या अंकात यान शनीच्या पलीकडे, एका उपग्रहापाशी थांबलं होतं. इंधन एकाच वाटेपुरतं उरलेलं. पृथ्वीवर परत यायचं, की पुढच्या अनोळखी ग्रहाकडे जायचं? खाली चौकटीत संपादकांनी वाचकांची क्षमा मागितली होती, बस.

कप्तानांची शेवटची फेरी बाजाराच्याच दिवशी आली. सगळ्यांना बदलीची बातमी होती, मासिकाची नव्हती. कप्तान जाण्याआधी शेवट ऐकायला म्हणून सत्तारभाई मुद्दाम सकाळच्या गाडीला आले होते. तांड्यावर नायकबाबा चढले ते नवा फेटा बांधून. मी धास्तावलो होतो. हा माणूस आता एक झकास शेवट रचणार, टाळ्या घेणार, आणि उद्या कुणाला मासिक बंद पडल्याचं कळलं की इतक्या वर्षांचं सगळंच लोकांना थाप वाटू लागणार.

कप्तान आपल्या जागी उभे राहिले. दोरीला हात लावला. म्हणाले, "पुस्तक बंद पडलं. यान तिथंच हाये. मले बी नाई मालूम पुढचं."



"मंग सांगा ना काही," सत्तारभाई म्हणाले. "तुमाले काय कठीन हाये?"

"रस्त्याची बारीकसारीक गोष्ट मी सांगतली भाऊ. पन एवढ्या मान्सांनी कुठं जावं, हे एकट्यानं कसं ठरवू?"

मग जी काही हमरीतुमरी झाली! सत्तारभाई परत येण्याच्या बाजूचे. "अपनी जमीन अपनी होती है." कोंबडीवाली बाई म्हणाली, एवढं गेले तर पाहून तरी या. मीसुद्धा इंधनाचा हिशेब मांडू लागलो, तो कुणी ऐकला नाही. नायकबाबा तेवढे गप्प होते. शेवटी कप्तानांनीच विचारलं, "बाबा, तुमी काहून बोलत नाई?"

"माहे आजोबा लदेणीवर जात," नायकबाबा म्हणाले. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर न्यायचा बंजाऱ्यांचा जुना धंदा. "वाट फुटली अन् कोनती घ्यावी सुचेना, त ते मांगंही नाई जात अन् पुढंही नाई जात. पयले बैलांच्या पाठी मोकळ्या करत. पानी पाहत. सैपाक करत. लेकरं निजली का मंग बोलत बसत. त्या मान्सांले सांगा, उतरा म्हनावं. तांडा टाका. घाई कायची हाये?"

कुणी वाद घातला नाही. सत्तारभाईंनी तेवढं विचारलं, "पानी मिलेगा उधर?" आणि दहा जण एका सुरात सांगू लागले की मिळेल, कुठे मिळेल, कसं मिळेल. राळेगाव येईपर्यंत त्या उपग्रहावर चुली पेटल्या होत्या. आणि मी पाहिलं, कप्तान मागच्या बाकावर, दोन पोत्यांच्या मधे, हनुवटीखाली हात घेऊन बसले होते. त्या गाडीत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. इतकी वर्षं आम्हाला सांगणारा माणूस त्या दिवशी तोंड उघडं टाकून ऐकत होता.

दुसऱ्या दिवसापासून नवा कंडक्टर आला. सज्जन होता. फक्त तिकिटं द्यायचा.

पुढे दोन-तीन वर्षांत नायकबाबा गेले. त्यानंतर परीक्षेच्या कामावर मला उमरखेडला जावं लागलं. कप्तान भेटतील म्हणून स्टँडवर चौकशी केली, तर ते आणखी कुठल्याशा डेपोला गेले होते. हिरमुसून गाडीत बसलो. पुढच्या बाकावर बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई शेजारणीला सांगत होती, "तर त्या यानात एक म्हातारा नायक हाय बघ. लाल फेट्याचा. कप्तानसुदिक त्याला इचारल्याबिगर हालत न्हाई."

छापील गोष्टीत असा म्हातारा कधीच नव्हता. मला शपथेवर सांगता आलं असतं. माझ्यातला छापील पक्ष घशापर्यंत आला, आणि तसाच परत गेला, कारण डोळे भरले होते. आमच्या नायकबाबांना कप्तानांनी यानात चढवलं होतं.

"मग? पुढं काय झालं?" शेजारणीने विचारलं.

"काय की बाई. सांगनारा कंडक्टर बदलून गेला."

मी उठलो, एक हात वरच्या दांडीला लावला आणि दोन बाकांच्या मधे पाय रोवून म्हणालो, "बाई, मला आहे ठाऊक. यानाने तिथं तांडा टाकला होता ना? तर सकाळी झालं असं…"