बेचाळीस फेरे

तुम्ही सगळे इथं आपापले अनुभव लिहिता, मी रोज दुपारी चष्मा लावून वाचते. आणि खरं सांगू का, निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसतेही. भूत, चकवा, अंगात येणं... माझा कशावर विश्वास नव्हता. आजही भुतावर नाही. पण एक गोष्ट माझ्याच हातून घडलीय – म्हणजे माझ्या हातून घडलीच नाही, हाच तर सगळा घोळ आहे. तर ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची वस्ती शेळगावाच्या बाहेर, इंदापूर तालुका. गावापासून लांब. मी तेव्हा बावन्न वर्षांची. शिक्षण सातवी. पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि मासिकांवर.

आमच्या ह्यांचे वडील, म्हणजे आबा, मेंढरं घेऊन हिंडायचे. हेही लहानपणी त्यांच्याबरोबर चालले. रात्री मेंढरांचा वाडा कुठं बसवायचा, पहाटे कधी उठायचं, सगळं तारे बघून. लग्न झाल्यावर ह्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती तिकांडं – मृगातले ओळीतले तीन तारे. त्याच्या खाली बारीक तारे लोंबतात आणि त्यात एक धुरकट ठिपका दिसतो. पुस्तकात त्याला तेजोमेघ म्हणतात. हे म्हणायचे, "आबा म्हनायचं, ह्यो ठिपका दिसतोय तवर नजर शाबूत."

त्या वर्षी दिवाळीनंतर हे एकदा अंगणात बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग म्हणाले, "न्हाय दिसत गं."

डॉक्टर म्हणाले काचबिंदू. आजूबाजूचं गेलंय, मध्ये रुपयाएवढं उरलंय, ते किती दिवस टिकेल सांगता येत नाही. अंधारात तर काहीच नाही.

ह्यांनी वर बघणं सोडलं. मी नाही सोडलं. मी ठरवलं, तुम्हाला वर बघून दिसत नाही ना, मी तो ठिपका कागदावर उतरवून तुमच्या डोळ्यांपुढं धरीन. नजर आहे तोवर.

इंदापूरच्या एका स्टुडिओवाल्यांकडून जुना कॅमेरा आणि लांबची लेन्स घेतली. पण आभाळ फिरतं. शटर दहा मिनिटं उघडं ठेवलं तर ताऱ्यांच्या रेघा उठतात. म्हणून मासिकात वाचून सुताराकडून दोन फळ्यांचं यंत्र करून घेतलं. एका बाजूला दाराची बिजागरी, ती ध्रुवाकडं रोखायची. दुसऱ्या बाजूला लांब बोल्ट. मिनिटाला एक फेरा द्यायचा, म्हणजे वरची फळी कॅमेऱ्यासकट ताऱ्यांबरोबर सरकते. मोटरबिटर काही नाही. पंधरा आकडे मोजायचे, पाव फेरा. पुन्हा पंधरा, पुन्हा पाव फेरा.

माझी जाऊ कुसुम हसून हसून बेजार. "अक्का, ह्या वयात आभाळाचा फोटू? आभाळाला सांगितलंय का, नीट उभं ऱ्हा, हालू नको म्हणून?"

"ते हलणारच. म्हणून तर मी त्याच्यामागं हलणार," मी म्हटलं.

"आन् भावजींना काय काम?"

"त्यांनी गप बसायचं."

पौषातल्या अवसेची रात्र धरली. आमच्याकडं तेव्हा शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वायरमन म्हणाला होता, ह्या आठवड्यात दिवसपाळी. म्हणजे रात्री अंधार. तरीही उगाच जोखीम नको, म्हणून मी विहिरीवरच्या खोलीतला बल्ब काढून ठेवला. प्रकाशानं फिल्म खराब होते ना! पण मोटर जिच्यामुळं लाईट आल्याबरोबर आपोआप चालू होते, ती ऑटोची पट्टी काढायची मी विसरले. शेतकऱ्याच्या बायकोनं बल्ब काढला आणि ऑटो तसाच ठेवला! डोक्यात फक्त उजेड होता, पाणी नव्हतंच.

खळ्यावर यंत्र मांडलं. शेजारी घोंगडी टाकून ह्यांना बसवलं. बोल्टवर सुरुवातीच्या जागी नेलपॉलिशची खूण केली. वहीत लिहिलं – साडेदहा. शटर उघडलं, ते उघडंच राहावं म्हणून तारेचा खटका अडकवला आणि मोठ्यानं मोजायला लागले. थंडी अशी, की बोल्ट बोटाला चिकटत होता.

पाचवं मिनिट चालू होतं आणि धाडकन मोटर सुरू झाली.

उसाच्या पलीकडं विहीर, विहिरीपासून पाट, आणि पाटाचं दार होतं कांद्याच्या रोपाकडं. पाणी रोपात घुसणार, सगळं वाहून जाणार. पण मी मोजणं सोडलं नाही. सहावा फेरा पुरा झाला आणि मधल्या वेळात म्हटलं, "अहो, रोप गेलं तर जाऊ द्या. तुम्ही उठू नका हं."

मी घोंगडीकडं वळले.

"अहो?"

हात लांब करून चाचपलं. घोंगडी रिकामी. काठी तिथंच पडलेली.

सहा फेरे झाले होते माझे. सहाच, कारण मी आकडा सोडून उठले तेव्हा सातवा सुरू करायचा होता. शटर बंद करायचंही सुचलं नाही. बॅटरीला लाल कागद बांधला होता, तो फाडला आणि धावले. फोटो गेला, हे धावतानाच मनाशी म्हणून टाकलं. एकदाच. मग परत नाही.

पाटावर नाहीत. दाराशी नाहीत. मी ऊसभर हाका मारत फिरले. पाचटावर पाय घसरत होते, पानं तोंडावर सपासप लागत होती, आणि मोटरच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येईना. किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी विहिरीच्या अंगाला बाहेर पडले आणि बॅटरीच्या उजेडात हे दिसले. आमच्या विहिरीला कठडा नव्हता. काठापासून दोन पावलांवर हे उभे, विहिरीकडं पाठ, तोंड खळ्याच्या दिशेला, मान जरा तिरकी, काहीतरी ऐकत असल्यासारखी.

मी दंड धरला तसे हे दचकले. म्हणाले, "हळू, कोन ते? तिकडं ती मोजतीया, चुकंल तिचं."

"अहो, मी आहे!"

"तू?" माझा हात, बांगड्या चाचपून बघितल्या. "तू हितं? मग तितं कोन मोजतंय?"

मी ओढत त्यांना मागं आणलं आणि आधी जाऊन मोटर बंद केली. एकदम शांत झालं. दोघंही कान देऊन उभे राहिलो. कुठं काही नाही. लांब कुणाच्या तरी वस्तीवर कुत्रं भुंकत होतं, तेवढंच.

"आता न्हाय येत," हे म्हणाले.

मग सांगितलं. मोटरचा आवाज आला तेव्हा मला उठवायचं नाही, फोटो बिघडेल, म्हणून हेच पाटाचं दार मोडून पाणी दुसरीकडं वळवायला निघाले. पायवाट पायाखालची आहे, जाईन, असं वाटलं. वाट चुकली, मोटरचा आवाज सगळीकडून घुमत होता, दिशा कळेना. सरळ चालत होते, तेवढ्यात माझं मोजणं पाठीमागून ऐकू आलं. "खळं तर उजव्या हाताला पायजे. आवाज मागनं आला, तवा कळलं आपन विहिरीकडं चाललोय. फिरलो आन् उभाच राह्यलो. म्हनलं तू दहा मिन्टं करनार, मग येशीलच. पर तू थांबंचना. मोजतीया आपली, मोजतीया..."

मी त्यांना सांगितलं, अहो, मी केव्हाच उठले होते. आणि मोटरच्या इतक्या जवळ खळ्यावरचा आवाज ऐकू येणं शक्य आहे का?

"मला काय म्हाईत. तुझाच आवाज हुता."

चिखलानं भरलेले पाय धुतले, हात धरून हळूहळू परत आणलं. खळ्यावर कोणी नव्हतं. शटर बंद केलं, सवयीनं घड्याळ बघितलं – अकरा वाजून बारा मिनिटं. मग बोल्टवर बॅटरी मारली. नेलपॉलिशची खूण सहा फेऱ्यांवर दिसायला हवी होती. ती पार पुढं गेलेली. मी बसले आणि एक एक फेरा उलटा मोजत खुणेपर्यंत आणला.

बेचाळीस. साडेदहा ते अकरा बारा – बेचाळीस मिनिटं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी खळं बघितलं, माझ्या चपलांचे आणि ह्यांच्या पायांचे ठसे, बस. कुसुमला विचारलं, तू आली होतीस का गं? ती म्हणाली, "एवढ्या थंडीत? मी काय येडी हाय का तुमच्यासारखी?"

त्याच दिवशी बारामतीला रोल घेऊन गेले. लॅबवाला संध्याकाळी म्हणतो, "मावशी, रोल कोरा आहे. नुसती धूळ बसलीय."

"ती धूळच मोठी करून पाहिजे मला."

"पैसे वाया जातील हो."

"माझे जातील. दहा बाय बारा काढा. मी इथंच बसते." आणि बसले, तो काढेपर्यंत.

तारे गोल होते. एकही रेघ नाही. आणि मधोमध तो ठिपका – ठिपका कसला, गुलाबी पंख पसरलेलं पाखरू.

पुढं पुण्याहून एक दुर्बिणीचे जाणकार आले. यंत्र बघितलं, फोटो भिंगातून बघितला. म्हणाले, "ताई, सरळ बोल्टच्या यंत्रावर ह्या लेन्सनं पंधरा मिनिटांच्या पुढं तारे लांबट व्हायलाच पाहिजेत. कोणी कितीही नीट फिरवला तरी. हा फोटो ह्या यंत्राचा नाही."

"मग कशाचा?" म्हटलं. त्यांनी चहा घेतला आणि विषय बदलला.

मीही नंतर तीन हिवाळे प्रयत्न केले. बारा मिनिटांच्या पुढं एकदाही जमलं नाही.

कोणी म्हणतं ह्यांना भास झाला, कोणी म्हणतं घाबरल्यामुळं मी फेरे चुकीचे मोजले. असेल. पण मग तारे गोल कसे? वारलेल्या आबांचं नावही काही जणांनी घेतलं. पण आवाज माझा होता, आबांचा नाही. त्यामुळं तेही मला पटत नाही. ज्याला काही सुचत असेल त्यानं खाली लिहा, मी मनापासून वाचीन. मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी बारामतीहून शेवटच्या एसटीनं आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना उन्हात बसवून फोटो हातात दिला. ह्यांनी तो नाकाजवळ धरला आणि त्या रुपयाएवढ्या नजरेनं एका कोपऱ्यापासून बघायला सुरुवात केली, शेत नांगरावं तसं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऊन सरकलं तसं मी बाज सरकवली. मधोमध आल्यावर थांबले.

मग म्हणाले, "दिसला. एवढा मोठा हुता व्हय गं ह्यो?"

पुढच्या उन्हाळ्यात उरलेलीही नजर गेली.