साडेतीन नंबरची रांग

आप्पांचे गुडघे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, नाहीतर काम सोडा. काम सोडायचं नाव काढलं की माझे वडील जेवणाचं ताट बाजूला सरकवत. मसाट गावातल्या धाग्याच्या कारखान्यात रांगेनं उभ्या मशीनवरच्या भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, एक रांग संपली की पुढची धरायची, यात त्यांचा जीव होता.

मला त्या फेऱ्यांत माझंच काम दिसलं. मी सिल्वासातल्या आमच्या घरी बसून कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. प्रोग्रॅममध्ये त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फेऱ्या असतात, एका फेरीच्या पोटात दुसरी फेरी. मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता लावून त्यांचा क्रम असा बदलायचा, की उत्तर तेच यावं आणि हेलपाटे वाचावेत. आप्पांचं तरी वेगळं काय होतं? रांगेतली मशीन एकामागून एक सुरू होत आणि पुढची रांग थोडी उशिरा, त्यामुळे तिरप्या ओळीतल्या बॉबिनी एकदम भरत. आप्पा मात्र सरळ रांगेनं जात, अर्धवट भरलेल्यांपाशी अडत, पुन्हा फिरून येत. मी तिरपा क्रम काढला आणि कोणत्या रांगेतलं कोणतं मशीन कधी, याची यादी न तपासता त्यांच्या खिशात घातली. फार शहाणी ना मी!

संध्याकाळी ते हसतच आले. "साडेतीन नंबरनी रांगमा साडेचारवं मशीन कोठे शे, माय?"

मी कपाळावर हात मारला. फेऱ्या अशा तिरप्या केल्या की मशीन दाखवणाऱ्या ठिपक्यांची जाळी विरळ होते, एकाआड एक जागा रिकामी राहते. साडेतीन, साडेचार असे अर्धे आकडे तिथलेच; त्या जागा गाळायच्या असतात. हीच चूक मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमध्ये दाखवत असते, आणि बापाला मात्र नसलेल्या मशीनकडे धाडलं.

दुरुस्त केलेली यादी चालली. चकरा बऱ्याच कमी झाल्या. तरी पंधरवड्यानं पाहते तर गुडघे तसेच सुजलेले. शेकताना खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, वाचलेल्या वेळात ते शेजारच्या लाइनवरच्या सोबत्याच्या बॉबिनी उतरवत होते. मी त्यांना काका म्हणते; दोघं कामासाठी धुळ्याहून एकाच गाडीनं आलेले, आणि काकांचे गुडघे आप्पांच्याहून वाईट.

मी भडकले. "तुमच्यासाठी डोकेफोड केली मी, आप्पा! त्यांच्यासाठी नाही."

"तेच ना," ते शांतपणे म्हणाले. "तुन्हा गणितमा मी एकलाच व्हतू."

मला रडू आलं, आणि रागही गेला नाही. शेकायची पिशवी त्यांच्याच हातात दिली, वही ओढली आणि विचारलं, "काकांच्या किती रांगा?"