गणपतीच्या फोटोमागचा डबा

हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याला काय सांगणार, त्यालाच तर मी सामील करून घेतलं होतं! हसा खुशाल. तेव्हाच्या त्या बाईला मीही हसते. मग ताट बाजूला सारते.

भिलाईच्या एका विद्यापीठात मी नेटवर्क विभागात होते. तोरा केवढा! भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अगदी बारीक सिग्नल मोजायचं यंत्र होतं. जवळ वायफाय चाललं की त्याचे आकडे उड्या मारायचे. म्हणून त्या मजल्यावरचे वायफायचे सगळे डबे मीच शिडीवर चढून काढले, ‘येथे वायफाय लावू नये’ असा कागदही मीच चिकटवला. आणि माझी खोली? प्रयोगशाळेला लागूनच — मधे एक भिंत.

दुपारच्या सुट्टीत मला फोनवर सिरीयल पाहायची असे. नातीशी बोलायला म्हटलं असतं तर निदान ऐकायला बरं वाटलं असतं. पण नाही — सिरीयल! गणपतीच्या फोटोमागे मी तसलाच एक छोटा डबा ठेवला, वरून झेंडूचा हार. लुकलुकता दिवा सगळ्यांना देवाचाच वाटायचा. मोठे साहेब आले तरी चपला काढून हात जोडायचे. फोटो हलवणार कोण? काय हुशार होते ना मी?

वर्षा तिथे पीएचडी करायची. इथल्याच कोहक्याची पोरगी, बाप स्टील प्लांटमध्ये. यंत्र लावण्याआधी माझ्या खोलीत येऊन त्याच फोटोसमोर डोळे मिटून उभी राहायची. आणि दुपारी आकडे बिघडायचे. रोज. “काकू, मले समजूनच नाही राहिलं. माझाच हात खराब आहे का वो?”

मी म्हणाले, “नाश्ता करत जा, पोरी.”

मग गाईडने सगळ्यांसमोर म्हटलं, ही आकडे मनानेच लिहिते. प्रयोगशाळेजवळ कुठे वायफाय चालतं का, याच्या तपासणीचा वर्षाने अर्ज दिला. तपासणारी कोण? — मीच. आधी खोलीत जाऊन डबा बंद केला. मग मीटर घेऊन तिच्यासमोर भिंतीभिंतीने फिरले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: व्यत्यय आढळला नाही. खाली सही. नोकरी गेली असती का? नसती. फजिती झाली असती, एवढंच.

थांबा — खरं अजून पुढेच आहे. त्या दिवशी डबा घरी नेता आला असता. नाही नेला. उलट रोज दुपारी चालू करत राहिले. काहून? तपासणीनंतर आकडे एकदम सुधारले असते, तर संशय माझ्यावर आला असता. सिरीयल पाहणं केव्हाच सुटलं होतं. फक्त डबा लावायचा — आणि भिंतीपलीकडे तिची खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकत बसायचं.

तिचं काम बंद झालं. माझ्या सहीच्या कागदावर.

परवा सुपेल्याच्या बाजारात भेटली. ट्यूशन घेते म्हणाली. भर गर्दीत माझ्या पाया पडली. “काकू, तवा माझ्यासाठी मशीन घेऊन फिरणाऱ्या तुमी एकट्याच होत्या.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘सुखी राहा’ म्हणाले. आणि ऑटोत जाऊन बसले.