भागवतसर आणि फुटलेलं बिंदगं

भागवतसरांइतकं फिजिक्स लातुरात कुणाला येत असेल असं मला वाटत नाही. त्यांच्याइतका हट्टीपणाही कुणाला जमायचा नाही. मी मूळचा नांदेडचा. त्यांच्याच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो आणि त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी रोज जवळून बघायला मिळतात.

सरांचं म्हणणं असं, की जगात माणसाच्या मर्जीनं काहीच होत नाही. कण, बल, वेग. पुढचं सगळं त्यातूनच ठरतं. "तू आत्ता पेन उचललास ना? ते तुझा आजा जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं," असं ते पोरांना खुशाल सांगतात. एकदा पुनम नावाची चुणचुणीत मुलगी उठून म्हणाली, "पण सर, क्वांटममध्ये तर काहीच नक्की नसतं." सर म्हणाले, "नसू दे की. फासे कसेही पडोत, तुझ्या सांगण्यानं पडतात का?" दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली आणि म्हणाली, "सर, माझं उशिरा येणं ठरलेलंच होतं." सर म्हणाले, "हाव. आन् तुझं बाहेर उभं राहणंबी." सगळा वर्ग हसला.

वर्गात हे ठीक आहे हो. पण सरांनी ते तत्त्वज्ञान घरी नेलं, आणि तिथे त्याचा उपयोग एकाच कामाला होत होता: थोरल्या भावाची माफी मागायचं टाळायला.

त्याचं असं झालं. वेळ अमावास्येला, इकडच्या भाषेत येळवशीला, अख्खं लातूर घराला कुलूप लावून रानात जातं. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पूजा करायची, डाळी-भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे हाणायचे आणि वर आंबील प्यायची. ही आंबील घरून मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावरून नेतात. काही वर्षांपूर्वी जळकोटजवळच्या आपल्या गावी सरांनी हा मान मागून घेतला. बिंदगं डोक्यावर घेण्याआधी त्यांनी खालची चुंबळ काढून टाकली. गुरुत्वमध्य सांभाळला की कापडाच्या वेटोळ्याची गरज नाही, हे ते पुतण्यांना समजावत चालले होते, तेवढ्यात पायाखाली ढेकूळ आलं. गुरुत्वमध्य एकीकडे, बिंदगं दुसरीकडे. सगळी आंबील काळ्या मातीनं प्यायली. थोरले बंधू श्रीमंतदादा पाहुण्यांदेखत ओरडले, "शिकून शिकून डोस्कं रिकामं झालं रे तुझं!"

सर तिथूनच माघारी फिरले. तेव्हापासून त्यांची येळवस बंद. "बिंदगं पडणारच होतं. ढेकूळ, वेग, कोन, सगळं ठरलेलं. मग मी कशाला चुकलं म्हणू?" नाचता येईना, अंगण वाकडं! फक्त सरांच्या अंगणाला समीकरणं होती.

श्रीमंतदादा मात्र दर वर्षी सरांच्या बायकोला, इंदूवहिनींना, फोन करायचे. "त्याला म्हणावं ये." यंदा तो फोन आला नाही. वहिनी मोबाइल हातात घेऊन घरभर फिरत होत्या. मलाही चैन पडेना. माणूस रागावतो तोवर बरं असतं. बोलवायचंच थांबला की मग नातं संपतं.

येळवशीच्या सकाळी सर पेपर वाचत बसले होते. मी खाली उतरलो, तसं वहिनींनी मला साक्षीला धरलं.

"भाऊ, तुम्हीच सांगा. बिंदगं फुटायचं ठरलेलं होतं, असं हे म्हणतात. मग दादांचं ओरडणंबी ठरलेलंच होतं की. ते बिचारे काय करणार? मग ह्यांना इतकी वर्सं राग कशाचा हाय?"

सरांचा पेपर खाली आला. त्यांना असं कोंडीत सापडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला मनापासून आनंद झाला.

"राग येणंही ठरलेलं असतं," सर पुटपुटले, पण आवाजात दम नव्हता.

"असंल. मी तर निघाले. तुमचं काय ठरलंय ते तुम्ही बघा."

वहिनी चपला घालून गाडीत जाऊन बसल्या. थोड्या वेळानं सरही बसले. मागच्या सीटवर फुकटच्या भज्जीसाठी मी होतोच.

गावाच्या वेशीपाशीच श्रीमंतदादा दिसले. डोक्यावर नवं बिंदगं, त्याला दोन्ही हात लावलेले. आम्हाला बघून ते थांबले. सर उतरले. दादांपुढे जाऊन उभे राहिले. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आता हे ढेकळाचं काढणार, अशी मला धास्ती.

"दादा," ते अखेर म्हणाले, "चुंबळ मी काढली होती. चुकलं माझं."

दादांचे डोळे भरून आले, आणि हात वर अडकल्यामुळे पुसताही येईनात. "एवढं बोलायला इतकी वर्सं लागली व्हय रे?"

मग त्यांनी बिंदगं उतरवलं, चुंबळ सरांच्या डोक्यावर नीट बसवली आणि त्यावर बिंदगं ठेवलं. "हळू चाल. आन् वाटेत कुणाला काई शिकवू नको."

सर रानापर्यंत मुकाट चालले. दादा मागून हात पुढे धरून येत होते, पडलंच तर झेलायला.

संध्याकाळी परतताना मला राहवलं नाही. "सर, चुकलं म्हणायचंही आधीच ठरलेलं होतं का?"

सरांनी गाडीचा वेग जरा कमी केला.

"असेल," म्हणाले. "पण तोंड मलाच उघडावं लागलं ना."