तेवीस माणसं, बावीस हात

तिला अख्खं गाव 'डबल बेल' म्हणायचं. खरं नाव मतदारयादीत होतं, आणि ते सांगायची वेळ आली की तिच्या सासूबाईसुद्धा क्षणभर थबकायच्या. चौदा वर्षं ती नऊ नंबरच्या बसवर कंडक्टर होती. खालच्या बाजारपेठेतून टेकडीवरच्या वस्तीपर्यंत सात थांबे, अकरा वळणं. घंटेचा एक टोल म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. तिचे दोन टोल असे खणखणीत पडायचे की ड्रायव्हरमामा आरशातून ओरडायचे, "अगं बाई, गाडी चालवायचीय, उडवायची नाही!"

प्रत्येक थांबा सुटला की ती डोकी मोजायची. मागच्या बाकापासून पुढे, मग दांड्याला धरून उभे असलेले, आणि शेवटी दाराशी अंग चोरून उभा असलेला एखादा. चेहरे बघायचे नाहीत, नुसती डोकी. ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यात धरायचे नाहीत, कारण ते उतारू नव्हेत. हा हिशेब तिच्या हाडीमांसी भिनला होता. घरी जेवायला वाढतानाही ती ताटं मोजायची आणि हटकून एक कमी मांडायची.

"स्वतः काय हवा खाणार आहेस?" सासूबाई विचारायच्या आणि स्वतःच उठून राहिलेलं ताट मांडायच्या.

मग नगरपालिकेनं नऊ नंबर बंद केली. कारण काय, तर गाडी रिकामी धावते. डबल बेलला डेपोच्या खिडकीत बसवलं. टेकडीवरच्या पोरी कॉलेजला पायी जाऊ लागल्या, आणि अडलेल्या बाईला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणायची वेळ आली. तिला खुर्चीसकट दवाखान्याच्या दारात उतरवलेलं डबल बेलनं खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी घरी येऊन ती म्हणाली, "आई, मी नोकरी सोडून नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहते."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या हातातला चिमटा हवेतच राहिला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "राहा की! चौदा वर्षं उभीच आहेस. आता जरा कामाला येईल असं उभं राहा."

समोर वकीलसाहेब होते, दोनदा निवडून आलेले. भर सभेत त्यांनी विचारलं, "कंडक्टरला मत देणार? उद्या सुटे नाहीत म्हणून तुमचा विकास परत करेल!" लोक हसले. दुसऱ्या दिवशी डबल बेल दारोदार फिरली, आणि प्रत्येक घरात तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या घरातली किती माणसं रोज पायी उतरतात?" आकडा वहीत लिहून घेतला. लोकांना ते आवडलं असावं. वकीलसाहेब सपाटून पडले.

सभागृहात पंचवीस सभासद. दवाखान्यात असलेले एक सोडले तर त्या दिवशी सगळे हजर. अध्यक्ष एरवी मत देत नसत, बरोबरी झाली तरच. म्हणजे मतं तेवीस. नऊ नंबर पुन्हा सुरू करण्याचा ठराव डबल बेलनं मांडला. बोलली अशी की शिपाईसुद्धा पाण्याचा जग हातात धरून ऐकत राहिला. अध्यक्ष म्हणाले, "बाजूनं हात वर करा."

आणि तिच्या अंगातली कंडक्टर जागी झाली. उभ्या उभ्या ती मोजू लागली. मागच्या बाकापासून पुढे. अकरा! विरोधातले मोजले, तेही अकरा! आता आपला एक धरला की...

"अकरा विरुद्ध अकरा," मुख्य लिपिक म्हणाले. "बाई तटस्थ."

"कोण तटस्थ? मी?"

"तुमचा हात कुठं होता?"

हात कमरेवर होता. गाडी सुटताना असायचा तसाच. अध्यक्षांनी आपलं मत विरोधात टाकलं आणि ठराव पडला. सभागृह असं हसलं की छताचे पंखे हलले. बाजारात आठवडाभर एकच थट्टा: कंडक्टरनं सगळ्यांना तिकीट दिलं आणि स्वतः विनातिकीट पकडली गेली.

घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. सासूबाई तिच्यासमोर ताट आदळत म्हणाल्या, "ताटं मोजताना चुकायचीस तेव्हाच मी सांगत होते. आता रडून झालं असेल तर जेव."

"आई, सहा महिने तोच ठराव मांडता येत नाही."

"मग सहा महिने आहेत म्हण की! एवढा वेळ तर माझ्या मुलाला एक घड्याळ लावायला लागतो."

त्या सहा महिन्यांत डबल बेल रोज सकाळी टेकडीच्या पायथ्याशी उभी राहिली आणि उतरणाऱ्यांना मोजत राहिली. तिथंच एका कापडवाल्या काकांचं दुकान होतं. काका विरोधी बाकावरचे, वकीलसाहेबांच्या गटातले. गाडी रिकामी धावते हे शोधून काढणारे तेच.

"काका, माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या पायरीवर बसा आणि तुम्हीच मोजा."

काका बसले. दोनशे अकरापर्यंत मोजलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. दुपारी डबल बेल आली तेव्हा नुसते म्हणाले, "पाणी घे." पण इकडे एक घोटाळा झाला. तिच्या बाजूचे एक गुरुजी मधल्या काळात वकीलसाहेबांच्या गटात जाऊन बसले. म्हणजे आता तिच्यासकट अकराच, आणि विरोधात बारा. काकांचं मत मिळालं तरच ठराव तरणार होता, आणि काका होय म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते.

सहा महिन्यांनी पुन्हा ठराव. दवाखान्यातले सभासद अजून रजेवरच. गॅलरीत सासूबाई, नवरा आणि टेकडीवरची निम्मी वस्ती.

"बाजूनं हात वर करा."

डबल बेलनं आधी हात वर केला. ताठ, दांड्याला धरल्यासारखा. मग मोजायला लागली.

"अकरा," मुख्य लिपिक म्हणाले. विरोधातले मोजले. "अकरा. बरोबरी."

सभागृहात खसखस पिकली. "बाई, आजही स्वतःला विसरलात काय?"

"हा काय हात! गळून पडायला आलाय!" गॅलरी हसली. अध्यक्ष आपलं मत सांगणार, एवढ्यात तिचा आवाज घुमला, "थांबा! तेवीस माणसं आणि बावीस हात? गाडी अशी सुटत नाही, साहेब. माझा एक उतारू कुठं गेला?"

आणि हात खाली न घेता ती बाकांमधून चालत निघाली. शेवटचं बाक, दारामागची जागा, दोन मधले खांब. दाराजवळच्या खांबाशी ती थांबली. त्याच्या आडोशाला, वकीलसाहेबांचे गटनेते पुढून वळून पाहतील तर दिसू नये अशा बेतानं, कापडवाले काका उभे होते. हात वर होता. खांद्यापर्यंतच, पण वर.

"काका," ती हळूच म्हणाली, "बाजूनं की विरोधात?"

काकांनी एकदा गटनेत्यांकडे पाहिलं, एकदा गॅलरीकडे. मग खांबाआडून बाहेर आले आणि हात पूर्ण वर केला. "बाजूनं! दोनशे अकरा मी स्वतः मोजलेत. पुढं मोजताच आले नाहीत!"

"बारा विरुद्ध अकरा," मुख्य लिपिक म्हणाले, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. गॅलरीत सासूबाई उभ्या राहून ओरडत होत्या, "अगं, आता हात खाली घे, दुखेल!"

पुढे ती आणखी दोनदा निवडून आली. पण टेकडीवर सांगतात ते नऊ नंबरच्या पहिल्या फेरीचंच. गाडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. नवी कंडक्टर घामाघूम होऊन मोजत होती. "त्रेपन्न."

"चोपन्न," डबल बेल म्हणाली.

"मॅडम, कंडक्टरला धरत नाहीत."

"आजपासून धर. मी न धरल्यामुळं ही गाडी सहा महिने उशिरा आलीय."

मुलगी हसली आणि घंटेची दोरी तिच्या हातात दिली. दोन टोल असे पडले की बाजारातली माणसं दुकानांबाहेर आली. ड्रायव्हरमामांनी आरशात पाहिलं, गिअर टाकला आणि म्हणाले, "आज उडवतो!"