शेडकडून आलेली हाक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. डिचोलीच्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते... स्टाफरूममध्ये असल्या गप्पा निघाल्या की टिंगल करणारी मीच. तरीही हे लिहितेय.

सर्वणच्या पलीकडे, काजूच्या बागांमागे, एका बंद खाणीची छोटी रेल्वे पडून होती. अरुंद रूळ, खनिज वाहायचे लोखंडी डबे आणि पत्र्याची एक शेड. सगळं भंगारात जाणार होतं, ते भिकूकाकांनी अडवलं. काका त्याच खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्या शब्दावर आम्ही दर रविवारी जमायचो — शिक्षक, दुकानदार, कोल्हापूरकडचे दोन वेल्डर. पगार कुणालाच नाही. गवत उपटायचं, रुळांचा गंज घासायचा आणि दुपारी काकूंनी पाठवलेली पेज नि सुक्या कोळंबीची किसमूर खायची. माझा धाकटा भाऊ सदा तर त्या कामात रमूनच गेला होता. बाबा गेल्यावर तो काकांनाच बाप मानायचा.

पहिला डबा उतारावरून सोडून बघायचा तो रविवार... लख्ख ऊन होतं. डबा उतारावर ब्रेक लावून उभा. सदा पुढच्या टोकाला, ब्रेकच्या दांड्यापाशी. काका शेवटचं ग्रीस भरायला मागच्या बाजूने डब्याखाली शिरले. सदाला तिथून ते दिसत नव्हते. ठरलं होतं — काका बाहेर येऊन हाक मारतील, मगच ब्रेक सोडायचा. मी सदापासून चार हातांवर उभी होते. बाकीचे लोक खाली, रूळ संपतात तिथे.

"जालां रे सदा, सोड!"

काकांचाच आवाज. तोच घोगरेपणा, 'सदा'वर तोच हेल. आमच्या पाठीमागून, शेडकडून आला. मी हसत मागे वळले, काका तिथे कधी पोचले म्हणून. शेडच्या दारात कुणीच नव्हतं.

तोवर सदाने दांडा ओढला होता.

किंकाळी आली नाही. आली ती हाडं मोडल्याची... त्याबद्दल नाही लिहवत. आम्ही काकांना बाहेर काढलं तेव्हा डब्याखालच्या अंधारासाठी नेलेली बॅटरी त्यांच्या दातांत घट्ट अडकलेली होती. दोन्ही हात ग्रीसने भरलेले, म्हणून ती तोंडात धरलेली. त्यांना ओरडताही आलं नव्हतं. मग 'सोड' कोण म्हणालं?

"ताये, काकांनीच सोड म्हटलां मगो? तू पण आयकलंस ना?" सदा मला गदागदा हलवत विचारत होता.

मी पोलिसांना तेच सांगितलं, काकूंनाही. बहीण भावाचीच बाजू घेणार, असं लोक म्हणाले. खालच्यांपैकी कुणी काही ऐकलं नव्हतं. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं, गावाने नाही मिटवलं.

काका वाचले. दोन्ही पाय गुडघ्यावरून कापावे लागले. ते बोलू लागले तसा सदा मला घेऊन इस्पितळात गेला आणि खाटेपाशी उभा राहून रडला. काकांनी काकूंना बाहेर पाठवलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "माका आयकाक आयलो रे तो आवाज. माझोच. शेडकडसून."

सदाचा चेहरा उजळला. "मग काका, सगळ्यांक सांगा! एकदा सांगा."

"काय सांगू? माझ्याच आवाजान माझे पाय तोडले म्हणून?" काका त्याच्याकडे एकटक बघत राहिले. "लोक पिसो म्हणतले माका. तुझां नाव सोपां आसा, सदा. तुझांच नाव रवांदे."

मी भांडले, हात जोडले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि काकूंना हाक मारली.

त्यानंतर काका बरीच वर्षं जगले. व्हीलचेअरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, हाक नसताना सदानेच ब्रेक सोडला. सदाने ते कधी खोडून काढलं नाही. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, ते याच बोलण्यापायी. काका गेले तेव्हा तो खांदा द्यायला पुढे झाला, तर काकांच्या मुलाने सगळ्यांदेखत त्याचा हात झटकला.

तो आवाज कुणाचा होता, मला आजही माहीत नाही. वारा, प्रतिध्वनी, भास... विज्ञानाची बाई म्हणून सगळं तपासून झालं. एकही उत्तर बसत नाही. सदा आता त्या आवाजाबद्दल विचारतही नाही. मागच्या महिन्यात एवढंच म्हणाला, "ताये, ब्रेक सोडलो तो मीच मगो?"