ग्रुपवरचा फादरांचा फोटो

फादर हर्षल पगारे हरसूलच्या डोंगरातल्या आमच्या चर्चला आले तेव्हा त्यांच्याकडे कपड्यांची एक बॅग होती आणि वायरींच्या दोन. वय एकोणतीस, नाशिकरोडला वाढलेले, गुरुदीक्षा होऊन दीड वर्ष झालेलं. येण्याआधी नाशिकला तरुण फादर लोकांसाठी दहा दिवसांचं शिबिर झालं होतं. मोबाइलवर प्रवचन कसं द्यायचं, उजेड कुठून घ्यायचा, स्क्रीनकडे न बघता कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे कसं बघायचं, नव्वद सेकंदांत देव कसा सांगायचा, हे सगळं ते शिकून आले होते. आणि शिकलेलं वाया घालवणाऱ्यांतले ते नव्हते.

मी वाळू गुरुजी. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता चर्चमध्ये हार्मोनियम वाजवतो. नव्या माणसाचा उत्साह मला लवकर पचत नाही. पण खरं ते सांगायला हवं. फादरांनी महिनाभरात चौदा पाड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, किती वाजता आहे हे विचारायला डोंगर उतरून येणं बंद झालं. ग्रुपवर आधी क्रुसाचं चित्र होतं. ते काढून फादरांनी स्वतःचा हसरा फोटो लावला. चिन्हापेक्षा चेहऱ्यावर माणसाचा विश्वास लवकर बसतो, असं शिबिरात सांगितलं होतं म्हणे.

त्या चेहऱ्यावर सगळ्यात आधी विश्वास बसला तो नवसाबाईचा. अडुसष्ट वर्षांची विधवा बाई, सून मैना आणि ती, दोघीच घरात. चाळीस वर्षं दर रविवारी पाच किलोमीटर चालत चर्चला आलेली. तिला अक्षर वाचता येत नाही. फादरांनीच तिला चर्चच्या पायरीवर बसवून शिकवलं, "मावशी, हे माइकचं चित्र दाबून धरायचं, बोलायचं, आणि सोडून द्यायचं." तिसऱ्या खेपेला तिला जमलं. त्यानंतर रोज सकाळी एकशे बारा जणांच्या ग्रुपवर तिचा आवाज यायचा, "फादर, जेवला का?" फादर तिथंच बोलून उत्तर द्यायचे, आणि आम्ही घरोघरी हसायचो. ती फादरांचा फोटो दाबत होती आणि आपण फक्त फादरांशी बोलतोय असं समजत होती. हे तिला कोणीच सांगितलं नाही. आम्हाला मजा वाटत होती, आणि फादरांना वाटलं तिला माहीत असेल.

ईस्टरला चार आठवडे होते. त्या दिवसांत आम्ही लोक कन्फेशन करतो, फादरांपुढे बसून आपली पापं सांगतो आणि क्षमा मागतो. नवसाबाईचा गुडघा सुजला होता, तिला उतरणं जमत नव्हतं. फादर प्रवचनात म्हणाले होते, "चर्चला येता येत नसेल तर मनातलं मला व्हॉइस नोटवर सांगा, मी ऐकतो." त्यांना म्हणायचं होतं दुखणीखुपणी, काळज्या. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला नवसाबाईनं चार मिनिटं बारा सेकंदांची नोट पाठवली. सुरुवात होती, "फादर, आशीर्वाद द्या, मी पाप केलंय."

मी ओट्यावर वाल सोलत होतो. पहिल्याच वाक्याला मला कळलं की हे काय आहे. फोन बाजूला ठेवायला हवा होता. नाही ठेवला, शेवटपर्यंत ऐकलं. मग पहिल्यांदा नीट कळलं नाही असं स्वतःलाच सांगून पुन्हा ऐकलं. त्यात काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्याला राग येईल, येऊ दे. एका बाईनं चाळीस वर्षं एकटीनं उरात धरून ठेवलेली गोष्ट होती, आणि तिच्याशी आमच्यापैकी कोणाचा काडीचाही संबंध नव्हता.

फादर तेव्हा मोटरसायकलवर दोन पाड्यांच्या मध्ये होते, तिथं रेंज नसते. घाटाच्या वळणावर रेंज आली आणि फोन वाजू लागला. त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं, गाडी तशीच रस्त्यात उभी केली आणि ग्रुपचे ॲडमिन म्हणून नोट सगळ्यांच्या फोनवरून पुसून टाकली. तोवर त्रेचाळीस मिनिटं गेली होती.

ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. पण आठवडी बाजारात सुकटवालीपाशी मैना उभी राहिली आणि बायकांचं बोलणं थांबलं. घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, नोट एकट्या फादरांना नाही, सगळ्या ग्रुपला गेली होती. त्या रविवारी नवसाबाई आली नाही. तोपर्यंत गुडघा बरा झाला होता.

फादर तिच्या घरी गेले. मैनानं पाणी दिलं. आतून आवाज आला, "सांगा त्यांना, घरी कोणी नाय." फादर तासभर अंगणात बसले आणि उठून आले. परतताना माझ्याकडे थांबले. चेहरा उतरला होता.

"गुरुजी, ती परत येणार नाही. चाळीस वर्षांचं तिचं चर्च मी घालवलं. काय करू?"

"व्हिडिओ करा की," मी म्हणालो.

मला माझीच लाज वाटली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही ऐकलंत का?"

"माझा फोन चार्जिंगला होता."

बत्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारलेला माणूस मी.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये ट्रायपॉड नव्हता, माइकही नव्हता. ग्रुपवरचा फोटोही गेला होता, जागा नुसती राखाडी. फादर प्रवचनाला उभे राहिले. "मी तुम्हाला फोन शिकवला. कन्फेशन फोनवर होत नाही, हे सांगायचं राहिलं. तुम्ही कोणाशी बोलताय ते तुम्हाला दिसतंय का, हे बघायचं राहिलं. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. आणि दुसऱ्याची कबुली ज्याच्या कानावर पडते, त्यालाही फादरइतकंच गप्प राहावं लागतं. आयुष्यभर. हा चर्चचा नियम आहे. शनिवारी सकाळी मी कन्फेशनला बसतो." एवढं बोलून ते बसले. इतकं लहान प्रवचन आमच्या चर्चमध्ये आजवर झालं नव्हतं.

शनिवारी एरवी चार म्हाताऱ्या येतात. त्या दिवशी पस्तीस-चाळीस माणसं रांगेत होती. एकमेकांकडे कोणी बघत नव्हतं. मीही होतो, मधे कुठंतरी. आमच्याकडे कन्फेशनसाठी वेगळी खोली नाही. कोपऱ्यात दोन खुर्च्या आणि एक जांभळा पडदा. तिथं बोललेलं पहिल्या बाकापर्यंत येतं, आणि आम्ही छताकडे बघत ऐकू न आल्यासारखं करतो.

पहिला माणूस जायच्या आत नवसाबाई दारात दिसली, मैनाच्या खांद्याला धरून. मैनानं तिला प्रवचनाचं सांगितलं असावं. रांग आपोआप सरकली. रांगेत पुढं असलेली तानुबाई म्हणाली, "वहिनी, पुढं या."

"पुढं कशाला?" नवसाबाई म्हणाली. "माझं तर ऐकलं समद्यांनी. आता तुमचं होऊ द्या."

कोणी हसलं नाही. पडद्यामागून फादर बाहेर आले. "मावशी, मी नाही ऐकलं."

"खरं?"

"पहिलं वाक्य ऐकलं आणि पुसून टाकलं."

"म्हंजे ज्याला सांगितलं त्यानंच नाय ऐकलं," ती म्हणाली. मग मैनाचा खांदा सोडला आणि एकटी पडद्यामागे गेली.

तिचं बोलणं सुरू व्हायच्या आत मागच्या बाकावरून कोणीतरी उठलं आणि बाहेर गेलं. मग दुसरं, मग चार जण. कोणी कोणाला सांगितलं नाही. बघता बघता सगळं चर्च रिकामं झालं. बाहेर सावली नाही, मार्चचं ऊन डोक्यावर, आणि आम्ही सगळे कुंपणापर्यंत लांब जाऊन उभे राहिलो, आतलं एक अक्षरही येणार नाही इतके लांब. मैनासुद्धा आमच्याजवळ येऊन थांबली. अर्धा तास गेला असेल.

नवसाबाई पायरीवर आली. उन्हात उभ्या असलेल्या सगळ्यांकडे तिनं एकदा नजर फिरवली. पदरानं तोंड पुसलं.

"असे का उभे? आत फादर एकटेच बसलेत." मग ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, आधी तुम्ही जा. तुम्हाला लय वेळ लागंल."

तिला कसं कळलं, कोण जाणे. मी चपला काढल्या आणि आत गेलो.